ताप, पांढऱ्या पेशी आणि पहिला तास
(वार्षिक सभेतील भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. औषधशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु औषधभांडाराच्या जमाखर्चाखाली सही माझी असते. कर्करोग विभागासाठी महागडी प्रतिजैविके सदैव साठ्यात का, आणि अनामत रक्कम भरून घेण्यापूर्वीच पहिली मात्रा का दिली जाते, असे आपल्यापैकी काहींनी विचारले आहे.

केमोथेरपीनंतर साधारणतः एक-दोन आठवड्यांनी रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. त्यांतील न्यूट्रोफिल पेशी जंतूंशी पहिली झुंज देतात. त्यांची संख्या एका मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेली की संसर्ग होऊनही सहसा पू धरत नाही, सूजही फारशी येत नाही. ताप हीच बहुधा एकमेव खूण उरते. घरची मंडळी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहतात. गोळीने ताप उतरतो, जंतू तसेच राहतात.

एके काळी वैद्यकशास्त्रही वाट पाहत असे. रक्ताच्या कल्चरचा अहवाल यावयास एक-दोन दिवस सहज लागतात, आणि तेवढा अवधी अशा रुग्णापाशी नसतो. १९७१ मध्ये अमेरिकेत शिम्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ताप दिसताच कार्बेनिसिलिन व जेंटामायसिन देऊन त्याचा लाभ दाखवून दिला. आज सेफेपीम किंवा पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम वापरतात, तत्त्व तेच. रक्ताचा नमुना आधी घ्यावयाचा आणि अहवालासाठी न थांबता तासाभरात शिरेवाटे पहिली मात्रा द्यावयाची. अहवाल आला की औषध बदलता येते.

हा तास रुग्ण आपल्या दाराशी आल्यापासून मोजतात. नोंदणी, खाट आणि पैशांची खिडकी, सारे त्यातच आले. त्यातील वीस मिनिटे माझ्या खिडकीपाशी गेली, तर तो विलंब डॉक्टरांचा नव्हे, हिशेबखात्याचा. म्हणून सुई आधी, पावती नंतर.

रक्कम बुडते का? काही वेळा बुडते. पात्र रुग्णांचा भार निर्धन रुग्ण निधी उचलतो. उरलेला आपल्या देणग्यांतून भागवावा लागतो. मुदत संपल्याने टाकून द्यावी लागणारी औषधेही त्यातच धरतो. या खर्चावर कोणाच्या नावाची संगमरवरी पाटी बसवता येत नाही, याची मला जाणीव आहे. तरीही पुढील वर्षी तरतूद वाढवावी, अशी विश्वस्तांना विनंती आहे.

आप्तेष्टांना एवढेच सांगणे: घरी तापमापक ठेवा. पारा १००.४ अंश फॅरनहाइटला पोहोचला की गोळी न देता तडक निघा, मध्यरात्र असली तरी. आणि दाराशी पाऊल ठेवताच ‘केमोथेरपी चालू आहे’ हे प्रथम सांगा; कागदपत्रे मागाहून दाखवलीत तरी चालतील.