वस्तुसंग्रहालयाचे वेळेचे तिकीट

ठाणे शहरात वागळे इस्टेट या नावाने ओळखली जाणारी जी औद्योगिक वसाहत आहे, तेथे घड्याळाचे राज्य आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला, तो समारंभ मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली याच वसाहतीत पार पडला. पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रातपाळी या तीन शब्दांत येथील कितीतरी कुटुंबांचा दिनक्रम सामावलेला असे, आणि अद्यापिही पुष्कळांचा तो तसाच आहे. पुढे अनेक कारखान्यांच्या जागी काचेच्या भिंतींच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. परंतु घड्याळाची सत्ता काही कमी झाली नाही. याच वसाहतीत पासपोर्ट सेवा केंद्र आहे. तेथे जाणारा मनुष्य आधी घरबसल्या इंटरनेटवरून दिवस व वेळ ठरवितो, नेमून दिलेल्या वेळी दारात उभा राहतो आणि आपल्या पाळीने आत जातो. पहाटेपासून रांगेत तिष्ठत राहण्यापेक्षा ही रीत शतपटीने बरी, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

हीच रीत आता वस्तुसंग्रहालयांच्या दारांशीही येऊन ठेपली आहे. तिकीट केवळ काढावयाचे नाही, तर ते कोणत्या दिवसाचे आणि कोणत्या तासाचे हेही आधी ठरवावयाचे, असा तिचा नियम आहे. तिरुपतीच्या दर्शनासाठी वेळेचे टोकन घेणाऱ्या आपल्या लोकांना ही कल्पना अगदीच अपरिचित नाही. महाराष्ट्रातही तिचे पाऊल पडले आहे. मलबार हिलवरील राज्यपालांच्या निवासस्थानाखाली २०१६ साली इंग्रजी अमदानीतील एक भुयार सापडले. २०१९ साली त्यात संग्रहालय उघडण्यात आले तेव्हा ते पाहण्यासाठी आगाऊ नोंदणीची अट घालण्यात आली. करोनाच्या साथीमुळे बंद ठेवलेली अजिंठा व वेरूळची लेणी डिसेंबर २०२० मध्ये पुन्हा खुली झाली, ती दिवसाचे सकाळ व दुपार असे दोन भाग पाडून आणि प्रत्येक भागात किती माणसे सोडावयाची याची मर्यादा ठरवूनच. साथ ओसरली, परंतु वेळ नेमून देण्याची पद्धत जगातील अनेक मोठ्या संग्रहालयांनी कायम ठेविली आहे.

ही पद्धत कोणाच्या लहरीतून निघाली असे मात्र नव्हे. फ्रान्समध्ये लास्को येथे १९४० साली एक गुहा सापडली. तिच्या भिंतींवर हजारो वर्षांपूर्वीच्या मानवाने रंगविलेले बैल, घोडे आणि हरणे आहेत. १९४८ साली ती लोकांस खुली झाली आणि दररोज सुमारे बाराशे माणसे तीत जाऊ लागली. इतक्या माणसांच्या श्वासातील वाफ आणि अंगारवायू यांनी अवघ्या पंधरा वर्षांत जे नुकसान केले, ते त्यापूर्वीच्या हजारो वर्षांत झाले नव्हते. भिंतींवर शेवाळ चढू लागले आणि १९६३ साली गुहा सर्वसामान्य प्रेक्षकांस बंद करावी लागली. अजिंठ्याच्या रंगीत लेण्यांतही एका वेळी मोजकीच माणसे सोडतात, त्याचे कारण हेच. मिलान येथे लिओनार्दोचे ‘अखेरचे भोजन’ हे भित्तिचित्र पाहण्यास लहान लहान तुकड्यांनी जावे लागते आणि पाऊण घटिकेहून कमी, म्हणजे पंधरा मिनिटांत, बाहेर पडावे लागते. चित्र टिकवावयाचे तर पाहणाऱ्याने आपल्या श्वासाचाही हिशेब दिला पाहिजे, असा हा प्रकार आहे.

दुसरे कारण प्रेक्षकाच्या सुखाचे. १९७२ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये तुतनखामेन या मिसरी राजाच्या थडग्यातील वस्तूंचे प्रदर्शन भरले. सोळा लाखांहून अधिक माणसांनी ते पाहिले आणि त्यांतील असंख्यांना कित्येक तास रांगेत काढावे लागले. अशा दाटीत आत शिरलेल्या मनुष्याला मूर्तीऐवजी पुढच्याची पाठ तेवढी दिसते. वेळ वाटून दिली म्हणजे प्रत्येकास क्षणभर तरी त्या वस्तूपुढे स्वस्थ उभे राहता येते. तेव्हा वेळेच्या तिकिटाला सरसकट नावे ठेवणे रास्त होणार नाही.

तथापि या तिकिटाचा एक जुना इतिहास आहे आणि तो जाणून घेतल्याशिवाय त्याचे गुणगान करणेही रास्त होणार नाही. ब्रिटिश म्युझियमचे दार १५ जानेवारी १७५९ रोजी प्रथम उघडले. प्रवेश विनामूल्य होता. सर्व विद्याव्यासंगी व जिज्ञासू जनांसाठी ही संस्था आहे, असा तिचा बाणा होता. परंतु आत जाऊ इच्छिणाऱ्याने आधी लेखी अर्ज करावयाचा, त्यात आपले नाव, हुद्दा व पत्ता द्यावयाचा, अर्ज मंजूर झाला म्हणजे पुन्हा जाऊन तिकीट आणावयाचे आणि नेमल्या दिवशी नेमल्या तासाला हजर व्हावयाचे, असा नियम होता. एका तासाला दहांहून अधिक तिकिटे द्यावयाची नाहीत, असेही ठरले होते. म्हणजे ज्यास आपण आज अगदी नवी युक्ती समजतो, ती अडीचशे वर्षांहून अधिक जुनी आहे.

तिचा परिणाम काय झाला? ज्याला लिहितावाचता येते, ज्याचा पत्ता सांगण्यासारखा आहे आणि ज्याला दोनतीन वेळा हेलपाटे घालण्याइतकी सवड आहे, त्याचीच त्या दारातून ये-जा राहिली. विल्यम हटन हा बर्मिंगहॅमचा पुस्तकविक्रेता. वयाच्या सातव्या वर्षापासून सात वर्षे डर्बीच्या रेशमाच्या गिरणीत राबलेला, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला आणि पुढे स्वतःच्या हिमतीवर आपल्या शहराचा इतिहास लिहिणारा हा गृहस्थ डिसेंबर १७८४ मध्ये लंडनला आला. म्युझियम पाहण्याची त्याची फार इच्छा होती; पण रीतसर तिकीट मिळणे दुरापास्त. अखेरीस तिकिटे विकणाऱ्या एका माणसाला सुमारे दोन शिलिंग देऊन त्याने ते मिळविले. जे सरकार फुकट देत होते, त्याचा बाजार भरला होता! आत गेल्यावर दहाएक जणांच्या तुकडीला वाटाड्याने अर्ध्या तासात दालनांमागून दालनांतून हाकलीत नेले. हटनने काही विचारू पाहिले तर त्याला फटकारण्यात आले. डोळे भरून पाहावयास आलेला हा मनुष्य हिरमुसून बाहेर पडला आणि त्याने ही सारी हकीकत आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेविली. पुढे १८१० साली आठवड्यातून तीन दिवस नीटनेटक्या वेषातील कोणालाही तिकिटावाचून आत सोडण्याचा नियम झाला.

यापुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे आहे. १८५७ साली लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनचे संग्रहालय उघडले. दिवसभर कामावर असणाऱ्या मजुराला संध्याकाळी तरी येता यावे, म्हणून त्याच्या चालकांनी दालनांत गॅसचे दिवे लावले. कामगाराने आपली वेळ संग्रहालयाशी जुळवून घ्यावी असे न म्हणता संग्रहालयाने आपली वेळ कामगाराशी जुळवून घेतली. त्या संग्रहालयाला पुढे ज्या राणीचे व राजपुत्राचे नाव मिळाले, त्यांचेच नाव मुंबईतील भायखळ्याच्या संग्रहालयास त्याआधीच दिलेले होते. डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट प्रभृतींच्या परिश्रमाने आणि नागरिकांच्या वर्गणीने उभे राहिलेले ते संग्रहालय १८७२ साली लोकांस खुले झाले. १९७५ पासून ते भाऊ दाजींच्याच नावाने ओळखले जाते. राणीच्या बागेत फिरावयास आलेली माणसे सहज म्हणून त्या इमारतीकडे वळत. त्यांनी कोणाकडे अर्ज केलेला नसे. दार उघडे दिसले म्हणून ती आत गेली.

या ‘सहज’ शब्दातच प्रश्नाचे मर्म आहे. पासपोर्ट हवा असलेल्या मनुष्याला आपणास काय हवे आहे हे महिनाभर आधी ठाऊक असते. त्यासाठी तो खटपट करतो, कोणाची तरी मदत घेतो. संग्रहालयाची गोष्ट निराळी. तेथे काय आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने त्याची ओढ आठ दिवस आधी कशी नोंदवावी? गरजेची नोंदणी करता येते. कुतूहल मात्र पुष्कळदा दारापाशीच जागे होते.

वागळे इस्टेटीतील एखाद्या कामगाराचे उदाहरण घ्यावे. त्याची साप्ताहिक सुटी रविवारीच असेल असा नेम नाही. विजेच्या वाटपासाठी औद्योगिक वसाहतींना आठवड्यातील निरनिराळे वार नेमून देण्याची चाल आहे. पाळी केव्हा बदलेल, जादा काम केव्हा अंगावर पडेल, हे त्याच्या हाती नसते. अशा मनुष्याला अवचित एक मोकळा दिवस मिळतो. बायको, दोन मुले आणि जमल्यास म्हातारी आई यांना घेऊन तो किसननगराहून ठाणे स्टेशनवर येतो, गाडीच्या गर्दीत पोरे सांभाळीत मुंबई गाठतो आणि संग्रहालयाच्या दाराशी पोहोचतो. तेथे त्याला ‘आजच्या सर्व वेळा भरल्या, मोबाईलवर नोंदणी करून या’ असे सांगण्यात आले तर काय होईल? तो वाद घालणार नाही. मुलांना समुद्र दाखवील, भेळ खाऊ घालील आणि परत जाईल. पुन्हा मात्र तो त्या दाराकडे फिरकणार नाही. आणि मोठेपणी त्याची मुलेही ‘ती जागा आपली नव्हे’ असेच समजतील. ही हानी कोणत्याही वहीत नोंदली जात नाही, म्हणून ती लहान ठरत नाही.

मग करावे काय? वेळेचे तिकीट टाकून द्यावे असे नाही. पण जेथे वस्तूला धोका आहे किंवा गर्दी खरोखरच अनावर आहे, तेथेच ते सक्तीचे असावे. रिकाम्या दालनाच्या दारात नोंदणी विचारणे म्हणजे नियमासाठी नियम होय. जेथे ते असेल तेथेही तिकिटांचा एक ठरावीक हिस्सा त्या दिवशी प्रत्यक्ष येणाऱ्यांसाठी खिडकीवर राखून ठेवावा. आणि आत्ताची वेळ भरली असेल तर त्याच दिवसाची पुढची वेळ खिडकीवरील माणसाने, मोबाईलचा आग्रह न धरता, कागदावर लिहून द्यावी. वेळेचे बंधन शक्यतो आत येण्यास असावे, बाहेर जाण्यास नसावे. ताजमहालाच्या तिकिटाला एप्रिल २०१८ पासून तीन तासांची मुदत घालण्यात आली. तेथील लोटणाऱ्या गर्दीपुढे ती समजण्यासारखी आहे. परंतु ज्या संग्रहालयात मोकळी जागा आहे, तेथे एखादा मुलगा एका शिल्पापुढे तासभर रमला तर त्याला हलविण्याचे कारण काय? शिवाय आठवड्यातून एखादी संध्याकाळ दिवे लावून दारे उघडी ठेवणे, हे जे १८५७ साली गॅसच्या उजेडात साधले, ते विजेच्या लखलखाटात आज अशक्य असू नये.

संग्रहालयाने उंबरठा ओलांडून लोकांकडे जाण्याचाही मार्ग आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली एका मोठ्या मोटारीत फिरते संग्रहालय सुरू केले. अशी मोटार ज्या शाळेच्या पटांगणात उभी राहते, तेथे दार शोधण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि एकदा गोडी लागली म्हणजे ती मुले मूळ संग्रहालयाची नोंदणी आपण होऊन करतील.

एक कर्तव्य मात्र सुशिक्षित घरांचे आहे. घरातील मुलगा बोटाच्या स्पर्शाने चार तिकिटे राखून ठेवतो आणि त्या दिवशी कंटाळा आला म्हणून कोणीच जात नाही. गेले तर गेले शंभरदोनशे रुपये, असे म्हणून विषय संपतो. परंतु त्या तासाच्या चार जागा रिकाम्याच राहिल्या आणि दाराशी आलेली चार माणसे परत गेली, याचा विचार कोण करतो? पंगतीत पान मांडावयास सांगून न जेवण्यासारखाच हा प्रकार आहे. जावयाचे नसेल तर नोंदणी वेळेवर रद्द करावी. त्याचप्रमाणे, घरी कामास येणाऱ्या बाईंच्या मुलांसाठी किंवा इमारतीच्या पहारेकऱ्यासाठी सुटीच्या दिवसाचे तिकीट नोंदवून देण्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून वाचकांची सेवा करीत आले आहे. अशा वाचनालयांनी, कारखान्यांच्या कामगार-कल्याण विभागांनी व महिला मंडळांनी महिन्यातून एकदा सर्वांची मिळून नोंदणी करण्याचे मनावर घेतले, तर आज अडसर वाटणारे तिकीट उद्या निमंत्रणपत्रिका होऊ शकेल.

नेमलेल्या वेळेचे महत्त्व मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. घटिकापात्र पाण्यात सोडून मुहूर्त साधणारा हा समाज आहे. परंतु मुहूर्ताची वेळ कितीही काटेकोर असली, तरी लग्नघरी आलेल्या आगंतुकाला मांडवाबाहेर उभे करण्याची आपली रीत नाही. संग्रहालयातील ठेवा साऱ्या जनतेचा आहे. तो जपण्यासाठी घड्याळ अवश्य लावावे. मात्र ते दारावर टांगताना ज्याच्या दिवसाचे तास दुसऱ्याच्या हाती आहेत, त्याच्यासाठी एक फळी उघडी ठेवावी.