प्रॉप कधी काढायचे, हे सांगण्याचा अधिकार



मी इमारतींच्या सांगाड्याचं गणित करणारा इंजिनीअर आहे. कागदावर मी दोन रेघांत जो बीम काढतो, तो साइटवर आधी तुम्ही सुतार कारागीर उभा करता. प्लायचा बॉटम, दोन बाजूच्या साइड, खाली टेकूचे जॅक म्हणजे प्रॉप, मध्ये रनर: हे झालं सेंट्रिंग. काँक्रीट त्यानंतर येतं आणि तुम्ही दिलेलाच आकार घेतं. ओळंबा चुकला तर कॉलम आयुष्यभर वाकडा राहतो. म्हणून साइटवरच्या सुतारासमोर बोलताना मी आदरानं बोलतो, आजही तसंच बोलणार आहे.

तुमच्यापैकी बहुतेक जण हे काम वर्गात बसून शिकलेले नाहीत. कुणी चुलत्याचं बोट धरून साइटवर आला, कुणाला नाक्यावरून मुकादमानं उचललं. सुरुवातीचा काळ खिळे उपटण्यात, प्लायला तेल लावण्यात आणि मिस्त्रीच्या हातात हातोडा देण्यात गेला. मग कधीतरी मिस्त्रीनं टेप तुमच्या हातात दिली. या शिक्षणाची कुठे नोंद नव्हती. साइट बदलली की तुमचं कसब शून्यापासून सिद्ध करावं लागायचं, आणि नवा ठेकेदार मजुरी ठरवायचा ती तोंडाकडे बघून.

आज मिळालेल्या प्रमाणपत्रासाठी मात्र परीक्षक तुमच्या साइटवर आले. तुम्ही कॉलमची पेटी कशी बांधता, गुण्या कसा लावता, पाणसळ कशी बघता, हे त्यांनी उभं राहून पाहिलं आणि मग प्रश्न विचारले. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी तोंडी उत्तरं दिली. माणूस काम कुठे शिकला यापेक्षा त्याला काय येतं हे तपासावं, हा विचार आपल्याकडे २०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात आला, आणि २०१५ नंतर पंतप्रधान कौशल्य विकास योजनेतून साइटपर्यंत पोचला. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सुतार आणि गवंडी आपल्या रोजच्या कामावरच अशी पात्रता मिळवत आले आहेत. आपल्याकडे त्याला उशीर झाला, आणि कारागिराला मान द्यायलाही. आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली, पण त्या विद्यार्थ्यांचा देशपातळीवरचा पहिला दीक्षान्त समारंभ झाला १७ सप्टेंबर २०२२ रोजी, विश्वकर्मा जयंतीला. बी.ए. झालेल्या मुलाला झगा घालून पदवी देणाऱ्या देशानं हातानं काम करणाऱ्याला तो मान द्यायला बहात्तर वर्षं घेतली. मला हे फार लागतं, म्हणून बोलून दाखवतो.

पुण्याचा विश्रामबागवाडा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सुरूदार खांब, त्यावरचं कोरीव काम, दोनशे वर्षं उलटली तरी माणसं मान वर करून बघत उभी राहतात. तो वाडा दुसऱ्या बाजीरावाचा म्हणून ओळखला जातो. ज्यांनी ते लाकूड तासलं, त्या सुतारांना त्यांच्या नावानं कोणी ओळखत नाही. तुमचं काम तर त्याहून लवकर नाहीसं होतं. त्यांचा खांब निदान राहिला. तुम्ही बांधलेलं सेंट्रिंग काँक्रीट घट्ट झालं की खोलून पुढच्या मजल्यावर जातं. पण आज हातात आलेल्या या कागदावर तुमचं नाव आहे, तुमचं काम कोणतं ते लिहिलं आहे, आणि ते तपासून पाहिल्याची सही आहे.

आता या कागदाचा उपयोग काय, यावर मला नेमकं एक सांगायचं आहे.

परीक्षेत तुम्हाला सारखा एक प्रश्न विचारला गेला असेल: असं का? हात बरोबर चालतो, पण 'का' विचारलं की अनेक जण थांबतात. तुम्ही कॉलमच्या पेटीला खाली जवळजवळ क्लॅम्प मारता आणि वर थोडे लांब. मिस्त्री तसंच मारायचा, म्हणून तुम्हीही मारता. कारण असं की ओतलेलं काँक्रीट सुरुवातीला पाण्यासारखं बाजूंना रेटतं. तीन मीटरची पेटी एका दमात भरली, तर तळाशी दर चौरस मीटरवर साधारण साडेसात टनांचा रेटा येतो. वरच्या टोकाला जवळपास काहीच नसतो. पेटी फुगते ती म्हणूनच खालून.

स्लॅबचं पाहा. सहा इंची, म्हणजे दीडशे मिलिमीटर जाडीचा स्लॅब दर चौरस मीटरला पावणेचारशे किलो भरतो. तीन बाय चारची साधी खोली घेतली तरी साडेचार टन. त्यावर माणसं, व्हायब्रेटर, पंपाच्या पाइपचे धक्के. आणि त्या घटकेला काँक्रीटमध्ये स्वतःची ताकद शून्य असते. माझं सगळं गणित, माझं सगळं लोखंड त्या दिवशी निरुपयोगी असतं. ते साडेचार टन फक्त तुमच्या जॅकवर उभे असतात.

मी नवा असताना एका साइटवर एक म्हातारे मिस्त्री होते. स्लॅब टाकायच्या आधी ते हातोडी घेऊन खाली एक फेरी मारायचे आणि प्रत्येक प्रॉपवर हलकेच ठोकायचे. घट्ट बसलेल्या प्रॉपचा आवाज वेगळा आणि सैल प्रॉपचा वेगळा. सैल निघाला की तिथेच बसून पाचर ठोकायचे. माझ्या हातात तपासणीचा छापील तक्ता असायचा. मी तो भरत भरत त्यांच्या मागून चालायचो आणि त्यांनी 'हं' म्हटल्यावरच खूण करायचो. सैल प्रॉप भार घेत नाही, त्याच्या वाट्याचं वजन शेजारच्यावर जातं, हे ते जाणून होते. पण त्यांनी इंजिनीअरला किंवा मालकाला कधी 'थांबा' म्हटलेलं मी ऐकलं नाही. ते मुकाट्यानं दुरुस्त करत. थांबा म्हणण्याची त्यांना कुणी जागाच दिली नव्हती.

ती जागा आज तुम्हाला मिळाली आहे. खरी कसोटी लागते ती सेंट्रिंग खोलताना. आयएस ४५६ या मानकात मुदती दिल्या आहेत. कॉलम आणि बीमच्या उभ्या बाजू १६ ते २४ तासांनी खोलता येतात. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर स्लॅबखालचे प्रॉप सात दिवस ठेवायचे, त्याहून मोठा गाळा असेल तर चौदा. बीमखालचे सहा मीटरपर्यंत चौदा दिवस, त्यापुढे एकवीस. हे आकडे साध्या पोर्टलंड सिमेंटचे, हवा फार थंड नसतानाचे, आणि पाणी नीट मारलेलं असेल तरचे. आज साइटवर येणारी बरीचशी पोती पीपीसीची, म्हणजे पोझोलाना मिसळलेल्या सिमेंटची असतात. त्याला सुरुवातीची ताकद हळू येते, म्हणून मुदत वाढवावी लागते.

आणि खोलण्याची दिशा! दोन्ही बाजूंना आधार असलेल्या गाळ्याचे प्रॉप मधून सुरू करून आधाराकडे काढत जायचं. बाल्कनीचं उलट: मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे. बाल्कनीखाली भिंतीकडचे आधी काढून टोकाचे ठेवले, तर स्लॅब ज्या बाजूनं वाकायला बनवलेलाच नाही त्या बाजूनं वाकतो. लोखंड वर असतं, आणि तडा खालून जातो.

पाचव्या दिवशी मुकादम येऊन म्हणतो, माल दुसऱ्या साइटवर पाहिजे, खोला. प्लाय भाड्याचा आहे, रोजचं भाडं चढतंय. मला ती अडचण कळते, ठेकेदारालाही पोट आहे. पण त्या क्षणी पान्हा तुमच्या हातात असतो, माझ्या नाही. तुम्ही म्हणायचं: "इंजिनीअरची लेखी परवानगी आणा, मग खोलतो." स्लॅब टाकला जात असताना खालच्या जॅकवर लक्ष ठेवायला तुम्हाला उभं करतात. जॅक वाकताना दिसला, तर पंप बंद करायला लावणारे पहिले तुम्हीच. कालपर्यंत असं बोलणाऱ्याला 'तुला काय कळतं?' हे उत्तर मिळायचं. आज त्याला उत्तर द्यायला तुमच्याकडे कारण आहे, आकडा आहे आणि सही-शिक्क्याचा कागद आहे.

समोर बसलेल्या ठेकेदार मंडळींनाही हात जोडून सांगतो. प्रमाणपत्रामुळे आपोआप मजुरी वाढत नाही, हे मला माहीत आहे, आणि ते चूक आहे. तपासलेल्या कारागिराला तपासलेल्याची मजुरी द्या. तसंच, आपल्या साइटवर बायका वर्षानुवर्षं घमेली वाहतात आणि करवत त्यांच्या हाती क्वचितच येते. आज इथे ज्या भगिनी बसल्या आहेत, त्यांना उद्या पुन्हा घमेलं देऊ नका.

कारागिरांनो, एक काम या आठवड्यातच करा. मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर भरले असतील आणि वय १८ ते ६० मध्ये असेल, तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. १९९६ च्या कायद्यानं तो हक्क मिळाला, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर त्यासाठीच घेतला जातो. मुंबई-पुण्याच्या टॉवरवर मिवान, म्हणजे अॅल्युमिनियमचं सेंट्रिंग आलं, लाकडाचं काम संपलं, असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. अॅल्युमिनियमच्या पॅनेललाही ओळंबा लागतो, पिन-वेज कुणीतरी तपासावीच लागते, आणि त्याचे प्रॉप वेळेआधी काढले तर स्लॅब तितकाच धोक्यात येतो. ते शिकून घ्या. चार्जहँड व्हा, फोरमन व्हा.

आता माझ्या बाजूचं. कॉलमवर काँक्रीट टाकल्याची तारीख रंगानं लिहायची पद्धत बहुतेक साइटवर आहे, कारण त्यावरून पाणी मारायचे दिवस मोजतात. या महिन्यापासून माझ्या प्रत्येक नकाशावर मी एक टीप घालतो आहे: प्रत्येक गाळ्याजवळ, त्या तारखेखाली, प्रॉप काढण्याची तारीख लिहावी, आणि सेंट्रिंग बांधणाऱ्या कारागिराचं पूर्ण नाव लिहावं. त्या तारखेआधी त्या कारागिराच्या आणि इंजिनीअरच्या, दोघांच्याही सहीशिवाय एकही जॅक हलणार नाही. इथे बसलेल्या इंजिनीअर मित्रांना माझी विनंती आहे की हीच टीप त्यांनीही आपल्या नकाशांवर घालावी. मजकूर मी लिहून आणला आहे, कार्यक्रमानंतर माझ्याकडून घेऊन जा.