भिंतीवरचं चित्र आणि रेशमी रुमाल

आज रेशमी रुमालाबद्दल बोलायचं म्हटल्यावर तुमच्यापैकी कुणी म्हणेल, ‘ही शहरातली चैन, आमचा तिच्याशी काय संबंध?’ संबंध आहे, आणि तो तुमच्या घराच्या भिंतीपासूनच सुरू होतो. कसा, ते बघा.

मुंबईला आलात तर घाटकोपरला उतरा आणि वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो धरा. ही गाडी २०१४ साली सुरू झाली. जागृती नगर मागे पडलं की असल्फा येतं. तिथे एक टेकडी दिसते, तिच्यावर घराला घर लागून. सगळी कष्टकऱ्यांची वस्ती. ‘चल रंग दे’ या संस्थेच्या पुढाकाराने स्वयंसेवकांनी इथल्या भिंती पिवळ्या, निळ्या, गुलाबी रंगवल्या. काहींवर चित्रं काढली. आता रंग दिल्याने नळाला पाणी येत नाही, हे तिथली कुणीही बाई सांगेल. पण गाडीतला माणूस त्या टेकडीकडे कौतुकाने बघू लागला, हेही खरं.

रस्त्यावरच्या भिंतीवर काढलेल्या चित्रांना आज जगभर मोल आलं आहे. ती चित्रं भिंतीवरून उतरून थेट रेशमावर जातात. पॅरिस शहरात एर्मेस नावाची पेढी आहे. १८३७ साली ती निघाली तेव्हा घोड्यांचा साज बनवीत असे. बरोबर शंभर वर्षांनी, १९३७ साली, तिने गळ्यात बांधायचा चौकोनी रेशमी रुमाल काढला. नव्वद सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद. आपल्या मापाने दोन हात म्हणा. त्याची छपाई मोठ्या खटपटीची. चित्रातला एकेक रंग निराळा काढायचा, आणि प्रत्येक रंगासाठी जाळीची निराळी चौकट करायची. तीस रंग असले तर तीस चौकटी. एक चौकट केसभर सरकली की चित्र बिघडलं. शेवटी चारी कडा हाताने वळून शिवायच्या. असा एक रुमाल विकत घेण्याच्या पैशात आपल्या बाजारात दुभती शेळी येईल. एक सोडून दोनही येतील!

२०११ साली या पेढीने सिरिल फान नावाच्या चित्रकाराकडून रुमालाचं चित्र करून घेतलं. हा गृहस्थ ‘कोंगो’ या नावाने ओळखला जातो. फवाऱ्याचा डबा घेऊन भिंतींवर वेडीवाकडी, रंगीत अक्षरं रंगवण्यात त्याची हयात गेली. पेढीने त्याला बोलावलं आणि रुमाल विकला तो त्याच्या नावानिशी. हा झाला सरळ व्यवहार.

दुसराही प्रकार घडतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात तीन चित्रकारांनी मिळून एक भिंत रंगवली होती. २०१४ साली त्यांनी रोबेर्तो काव्हाली या इटालियन पेढीवर दावा लावला. त्यांची तक्रार अशी, की आमच्या भिंतीवरचं चित्र आम्हाला न विचारता कपड्यांवर छापलं. भिंत रस्त्यावर आहे, म्हणून तिच्यावरचं चित्र कुणीही उचलावं का, हा त्यातला प्रश्न. शेताला कुंपण नाही म्हणून कुणी कणसं खुडून नेली, तर आपण गप्प बसतो का?

हे सगळं परदेशातलं झालं. आता घरी येऊ. डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यांत लग्नघरी सुवासिनी चौक लिहितात. कुडाची भिंत, तिला शेणामातीचा आणि गेरूचा हात, आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. बांबूच्या काडीचं टोक ठेचलं की झाला कुंचला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी हे चित्र भिंतीवरून कागदावर, कापडावर आणलं आणि देशोदेशी नेलं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. आज हीच वारली माणसं टसरच्या ओढण्यांवर आणि रेशमी स्कार्फांवर फेर धरून नाचताना दिसतात.

मी एकदा शहरातल्या एका दुकानात असा स्कार्फ हातात घेतला आणि विचारलं, ‘हे कुणी काढलं?’ दुकानदार म्हणाला, ‘साहेब, हे वारली आहे.’ मी म्हटलं, ‘ते दिसतंच आहे. पण काढणाऱ्याचं नाव काय?’ तो हसला. चिठ्ठीवर किंमत होती, कापडाची जात होती, धुण्याची रीतही लिहिली होती. नाव तेवढं नव्हतं.

हे नाव राहावं म्हणून कायद्याने दोन सोयी केल्या आहेत. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. परंपरा कुणा एकाची नसते, सगळ्या समाजाची असते. म्हणून समाजाच्या नावाला हे संरक्षण आहे. दुसरी सोय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे. आपण स्वतः नवीन चित्र काढलं, की त्यावर आपला हक्क येतो. त्यासाठी नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. हे माझं चित्र आहे, असं सांगण्याचा हक्कही त्यात आहे. पण हक्क आहे हे ठाऊकच नसेल, तर कायदा कपाटातच राहायचा.

म्हणून गावकरी मंडळींना एक सांगणं आहे. कुणी पाहुणा आला आणि घरातल्या मुलीसुनेच्या चित्राचा फोटो काढू लागला, तर चहा जरूर पाजा. पण ‘हे कशासाठी नेता?’ एवढं विचारा. चित्र विकायचंच असेल, तर ते कुठे वापरणार, किती पैसे देणार आणि खाली नाव कुणाचं घालणार, हे कागदावर लिहून घ्या. चित्राच्या कोपऱ्यात आपली सही करा.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या हातात याहून मोठं काम आहे. शाळेची भिंत मुलांकडून रंगवून घेता, तेव्हा उद्घाटनाच्या पाटीवर पाहुण्यांची नावं असतात. तिथे खालच्या ओळीत, ज्या पोरांनी रंगवलं त्यांची नावं लिहा. एखाद्या मुलाने पुस्तकातलं चित्र बघून काढलं असेल, तर मूळ चित्रकाराचं नावही त्याला लिहायला लावा. आपलं नाव लिहायला आणि दुसऱ्याचं न पुसायला जे मूल शिकलं, ते पुढे रेशमावर चित्र काढो की शेणाने सारवलेल्या भिंतीवर, त्याला फसवणं सोपं जाणार नाही.