नोहाने शेजाऱ्यांसाठी शब्द टाकला का?

मनू आणि माशाची प्रलयाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. तशीच एक गोष्ट ज्यू लोकांच्या तोरा या धर्मग्रंथात आहे. आपल्या रायगडातले शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायली, त्याच धर्माचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ते नाव.

गोष्ट अशी. माणसे बिघडली, तेव्हा देवाने पूर आणायचे ठरवले. नोहा तेवढा सज्जन. त्याला तारू बांधायला सांगितले. 40 दिवस, 40 रात्री पाऊस कोसळला. तारवातली माणसे आणि प्राणी तेवढे वाचले.

ज्यू पंडितांनी विचारले, लोकांचा असा गुन्हा तरी कोणता? जुन्या टीकेत उत्तर आहे. बाजारात कुणी दाण्यांची पाटी आणली, की जो तो चिमूटभर उचलायचा. चोरी इतकी लहान, की न्याय मागायची सोय नाही. पाटी मात्र रिकामी व्हायची!

दुसरा प्रश्न नोहाचा. ग्रंथ म्हणतो, तो 'आपल्या पिढीत' सज्जन होता. 11व्या शतकात फ्रान्समध्ये राशी नावाचे मोठे टीकाकार झाले. ते दोन्ही मते देतात. वाईट काळातही चांगला राहिला म्हणून थोर, हे एक. अब्राहामाच्या काळात असता तर त्याला कुणी मोजले नसते, हे दुसरे.

अब्राहामाने काय केले? सदोम शहराचा नाश होणार कळताच तो देवाशी बोलायला उभा राहिला. 50 चांगली माणसे असली तर वाचवशील का? असे करत त्याने देवाला 10 वर आणले. नोहा मात्र सांगितलेले काम निमूट करत राहिला. लोकांसाठी त्याने देवाला विनवले नाही, असा दोष झोहर हा ग्रंथ त्याला देतो. म्हणजे देवाला नुसते आज्ञा पाळणारे माणूस पुरत नाही. दुसऱ्यासाठी शब्द टाकणारेही हवे.

हे बोलताना आम्ही गप्प झालो. आमच्या एका ताईचे तीन हप्ते थकले होते. आमची पासबुके चोख, म्हणून आम्ही काही विचारले नाही. ती बैठकीला यायची थांबली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी तिच्या घरी गेलो. हप्ता लहान करून द्यावा, असा ठराव येत्या बैठकीत आम्हीच मांडणार आहोत.