ड-खालचं टिंब

(अकादमीच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे 'हिंदी शहरातल्या माझ्या गमतीदार आठवणी'. संयोजकांनी फोनवर बजावलं, "मॅडम, जेवणानंतरचं सत्र आहे, जरा हलकंफुलकं बोला." त्यांचं ऐकते. गंभीर काही निघालंच तर शेवटी निघेल. तोपर्यंत ज्यांना झोपायचं ते झोपलेले असतील.

माझं गाव लोधीखेडा. सौसर तालुका, पूर्वी छिंदवाडा जिल्हा, 2023 पासून पांढुर्णा जिल्हा. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर गावाचं नाव 'लोधीखेड़ा', म्हणजे ड-खाली टिंब. आमचे बाबा संत्र्याच्या पेट्यांवर ब्रशनं तेच नाव लिहायचे, तेव्हा टिंब नसायचं. उच्चार दोन्हीकडे तोच. पण शाळेत मी टिंब दिलं नाही म्हणून अर्धा गुण कापला गेला आणि पुढे नागपूरला शिकायला गेले तेव्हा टिंब दिलं म्हणून वर्ग हसला. एवढ्याशा टिंबानं माणसाला किती फिरवावं!

हे टिंब कुठून आलं ते आमचे आजोबा फार सोपं करून सांगत. 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. आमच्याकडून सकाळी निघालं की कचेरीतलं काम आटपून माणूस रात्री घरी जेवायला यायचा. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि राजधानी गेली भोपाळला. आजोबा म्हणायचे, "आमी काई हाललो नाई. घर तेथीच, वावर तेथीच. राजधानी तेवढी पयून गेली."

राजधानी पळाली, तशी शाळेतून मराठीही हळूहळू पळाली. मी शिकले ती शाळा हिंदी माध्यमाची. गुरुजी गावचेच. ते धडा हिंदीत शिकवायचे, पण रागावले की मराठीवर यायचे. ज्ञान हिंदीत आणि मार मराठीत, अशी आमच्या वर्गाची विभागणी होती. त्यामुळे मराठीचे काही शब्द आम्हाला फारच पक्के झाले.

एकदा एक तपासणी अधिकारी गावात आले. मुलींना शाळेतून काढू नका, हे सांगायला घरोघर फिरत होते. आमच्या ओट्यावर आजी फल्ली फोडत बसली होती. साहेब म्हणाले, "माताजी, बच्ची को शिक्षा मिलनी चाहिए." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आजीला हिंदी माहीत नव्हतं, शिक्षा मात्र चांगली माहीत होती. ती म्हणाली, "भेटते नं जी, घरीच भेटते. काल बी देल्ली." साहेबांनी समाधानानं मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्या वर्षी घरोघरी शिक्षण देणारं आदर्श गाव म्हणून आमची नोंद झाली असेल, तर त्याचं श्रेय आजीला आहे.

पुढे एम.ए. मराठी करायला मी नागपूरला जायला लागले. तेव्हा नागपूर-छिंदवाडा मार्गावर छोटी गाडी धावायची, अरुंद रुळांची. 2015 च्या अखेरीस ती बंद झाली आणि आता तिथं मोठे रूळ आहेत. ती गाडी एवढी सावकाश चालायची, की एका स्टेशनात सुरू झालेलं भांडण दुसऱ्या स्टेशनापर्यंत मिटून सोयरीक जमायची. सौसर, लोधीखेडा, केळोद, सावनेर, पुढे इतवारी. मधे कुठेतरी राज्य बदलायचं. डब्यातल्या कुणालाच ते कळायचं नाही, कारण बोलणं बदलत नव्हतं. नागपूरच्या वर्गात पोचले की मात्र मी 'हिंदीवाली' व्हायचे.

नोकरी लागली इंदूरला. इंदूर तर होळकरांचं. तिथं मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या राहतो. मी निर्धास्त होते. पहिल्याच आठवड्यात भाजीबाजारात गेले आणि भाजीवाल्याला म्हणाले, "भैया, पाँच रुपये का सांबार देना." तो म्हणाला, "मैडम, सांबार होटल में मिलेगा. डोसे के साथ." आता आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुणेकरांना तो शब्द कळत नाही, इंदूरकरांना कळत नाही, मद्रासकडे त्याची आमटी होते. मी बोटानं जुडी दाखवली. तो म्हणाला, "अच्छा, हरा धनिया! आप साउथ की हो क्या?"

हो म्हणाले. सातपुड्याच्या दक्षिणेला म्हटलं तर ते खोटंही नव्हतं.

महाविद्यालयात प्राचार्यांनी पहिलं काम दिलं ते स्नेहसंमेलनाचं. मी म्हटलं, मला अनुभव नाही. ते प्रेमानं म्हणाले, "आप चेष्टा तो कीजिए." चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण कान घरून आलेले असतात. आपली नेमकी कुणाची चेष्टा करायची, या विचारात मी दोन मिनिटं उभी होते. नंतर पीएच.डी.ची नोंदणी करायला गेले. कारकुनाला ऐटीत सांगितलं, "मुझे संशोधन करना है." त्यानं चष्मा वर करून विचारलं, "क्या गलत छप गया? नाम या जन्मतिथि?" हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. पाच वर्षं खपून प्रबंध पूर्ण केला, तेव्हा मला पटलं, की त्या कारकुनाचाच अर्थ जास्त खरा होता. संशोधन थोडं झालं, दुरुस्त्याच फार झाल्या.

पण सगळ्यात मोठी गंमत घडली ती मराठी घरात. मला खोली दिलेल्या काकू मूळच्या कोकणातल्या, चार पिढ्या इंदूरच्या. पहिल्या दिवशी त्यांनी चहा दिला. मी म्हणाले, "काकू, माझी आई उद्या येऊन राहिली आहे." त्या म्हणाल्या, "येऊन राहिली आहे? मग आज आहे कुठे?" मी समजावलं, की ती अजून आलेलीच नाही, येऊन राहिली आहे म्हणजे येणार आहे. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "हिंदीभाषक असूनही किती छान मराठी बोलतेस गं!" मग आत वळून काकांना हाक मारली, "अहो ऐकलं का, गॅसची टंकी खतम झाली, फोन लावून द्या!"

अशा आठवणी मी अनेक वर्षं स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, असल्या व्यासपीठांवरून सांगत आले. लोक हसतात. तुम्हीही हसलात. पण या आठवणींतली एक मी कधी सांगत नसे. ती आज सांगते.

2011 चा फेब्रुवारी महिना. एका लग्नासाठी मी गावी आले होते. जनगणनेचे गुरुजी घरी आले. गावातलेच, ओळखीचे. ओट्यावर बसले, पाणी प्यायले. आईला नाव, वय सगळं मराठीतून विचारलं, आईनं मराठीतून सांगितलं. मातृभाषेचा रकाना आला. गुरुजी म्हणाले, "काकू, भाषा काय लिवू?" आई म्हणाली, "हिंदी लिवा नं." त्यांनी लिहायला पेन टेकवलं.

मराठीची डॉक्टरेट मिळवलेली मुलगी शेजारीच बसली होती. मी जवळजवळ ओरडलेच, "आई, आपण मराठी बोलतो!"

आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. ती म्हणाली, "मराठी तू बोलतं वं माय. आमी आपलं असंच बोलतो."

गुरुजी पेन धरून थांबले. मला पुढं बोलता येईना. कारण आईला हे कुणी शिकवलं, ते मला ठाऊक होतं. नागपूरहून सुट्टीत घरी यायची तेव्हा मीच तिला दुरुस्त करायची. 'मले' नाही, 'मला'. 'कायले' नाही, 'कशाला'. 'भेदरं' नाही, 'टोमॅटो'. माझ्या मैत्रिणी आल्या की मी तिला हळूच सांगायची, तू जास्त बोलू नकोस. नागपूरच्या वर्गात आणि इंदूरच्या चहावर मला जे बोचलं होतं, ते सगळं मी पिशवीत भरून घरी आणलं आणि आईला दिलं. आईनं ते मुकाट ठेवून घेतलं. जनगणनेच्या दिवशी परत केलं, एवढंच.

मित्रहो, मी साहित्याची विद्यार्थिनी. मला माहीत होतं, की ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा 1905 सालचा सातवा खंड मराठीचा आहे आणि त्यात वऱ्हाडी, नागपुरी या मराठीच्या बोली म्हणून नोंदवल्या आहेत. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' लिहिलं ते ऋद्धिपूरला, आमच्या सातपुड्याच्या पायथ्याकडच्या वऱ्हाडात, हे मी दरवर्षी वर्गात शिकवत होते. मराठी गद्याचा पाळणा आमच्या शेजारच्या अंगणात हलला, हे मी तीस-तीस मुलांना सांगितलं. घरात एका बाईला सांगायचं राहून गेलं.

त्यानंतर मी शिकवण्यात एक छोटा बदल केला. सौसर-पांढुर्ण्याकडची मुलं आमच्याकडे येतात, ती माझ्याशी हिंदीतच बोलतात. घरी मराठी बोलता का विचारलं, की खाली बघतात. "बोलतो मॅडम, पण शुद्ध नाही." मी आता पहिल्या तासाला त्यांना सांगते, घरच्या स्वयंपाकघरातले आणि वावरातले दहा शब्द आणा, जे पुस्तकात सापडत नाहीत. पहिल्या वर्षी एका मुलीनं सांबार, भेदरं, फल्ली असे शब्द आणले आणि वाचताना स्वतःच हसू लागली. मग बैतुलकडचा एक मुलगा म्हणाला, आमच्याकडेही फल्लीच म्हणतात. इंदूरच्या मुलांनी त्यांच्या आजीचे शब्द आणले. त्या तासाला वर्ग पुष्कळ हसला, पण कुणी खाली बघितलं नाही.

इथे शिक्षक बसले आहेत, म्हणून एक विनंती. प्रमाण मराठी जरूर शिकवा. परीक्षेला, नोकरीला, लिहायला ती लागते. मी आत्ता बोलते आहे तीही तीच. पण 'मले' म्हणणाऱ्या पोराला 'मला' शिकवताना त्याला एवढं सांगा, की आधी बोललास तेही मराठीच. हे वाक्य बोलायला पाच सेकंद लागतात. मला ते बोलायला वीस वर्षं लागली. आमच्या पट्ट्यात मराठी शाळा किती, पुस्तकं किती, हे प्रश्न आहेतच आणि ते मांडलेच पाहिजेत. पण बोलणाऱ्यालाच आपण मराठी बोलतो असं वाटत नसेल, तर मोजणाऱ्याला दोष कसा द्यायचा? जनगणनेत माणूस सांगेल तेच लिहायचं असतं.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली. संध्याकाळी मी आईला फोन केला. तिनं टीव्हीवर पाहिलं होतं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्याले बी भेटला का?"

मी म्हटलं, आपल्यालाही भेटला. मग ते ऋद्धिपूरचं सगळं सांगितलं, तीस मुलांना सांगते तसं. ती हूं हूं करत राहिली. शेवटी मी म्हटलं, आई, आता पुढची जनगणना होईल. गुरुजी येतील, तेव्हा भाषा काय सांगशील? ते तुझं तूच ठरव, मी मधे बोलणार नाही.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आई म्हणाली, "मराठी सांगतो. पण मंग मले 'मले' म्हणता येते नं?"

मी म्हटलं, "येते वं माय."