जागलीला जाताना हातात काय असावे?
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने उठून विचारले, "कापसाच्या भावाचे तुम्ही रोज बोलता, पण रात्री जागलीला जाताना हातात काय घ्यावे, ते कोण सांगणार?" कृषी महाविद्यालयात आम्हाला हे कोणी शिकवले नव्हते. जे शिकलो ते तुमच्याच शेतात.

ज्वारी हुरड्यावर आली की आपली खाट शेतात जाते. रानडुकरे आहेत, कापूसचोर आहेत. राळेगाव-पांढरकवड्याकडे २०१८ साली वाघिणीच्या भीतीने एकट्याने शेतात जाणे बंद झाले होते. अशा वेळी आपला हात कुऱ्हाडीकडे जातो. आमचे मत विचाराल तर कुऱ्हाड घरी ठेवा.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने अंधारात कापसाच्या गंजीजवळ सावली पाहिली आणि कुऱ्हाड घातली. शेजाऱ्याचा पोरगा निघाला. पोरगा वाचला, हात कायमचा अधू झाला. इकडे याची दोन एकर जमीन कोर्टकचेरीत गेली. जवळ बॅटरी असती तर दोघेही सुटले असते. म्हणून पहिले हत्यार बॅटरी. समोर कोण आहे ते दिसल्याशिवाय हात उचलायचा नाही.

दुसरे हत्यार काठी. शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. त्याने लाठी आणि साधी हातकाठी शस्त्रांतून चक्क वगळली आहे. पण काठीत लपवलेली गुप्ती शस्त्रांच्या यादीत आहे, ९ इंचांहून लांब पात्याचा सुराही आहे. विळा शेतीचा आहे तोवर विळा. तो कमरेला लावून बाजारात हिंडलात तर फौजदाराला समजावत बसाल. आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई हुकूम निघाला, की काठीसुद्धा बंद होऊ शकते. सणावाराला, निवडणुकीला चौकशी करून निघा.

काठी कशी निवडावी? भरीव मानवेल बांबू घ्या, थंडीत तोडलेला. तेव्हा त्यात साखर कमी असते, कीड कमी लागते. सावलीत वाळवा, जवसाचे तेल पाजा. उंची कानापर्यंत, जाडी मुठीत मावेल एवढी, खाली लोखंडी शेंबी. दुकानातली रंगवलेली काठी मिरवणुकीला ठीक.

आता चालवणे. आखाड्यातली गरगर फिरणारी लाठी पाहायला छान, पण पऱ्हाटीत ती पहिल्याच फेरीला अडकते. ज्वारीत तर डोक्यावर उचलताच येत नाही. म्हणून दोन्ही हातांनी धरा, टोक समोर ठेवा, ढोसा आणि मागे सरका. माणसाला अंतरावर ठेवणे एवढेच काठीचे काम. मारावेच लागले तर नडगीवर, मनगटावर. डोक्यावर नाही.

कायदाही तेच म्हणतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या ३४ ते ४४ कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. पण गरजेपुरताच. नुसत्या कापूसचोराचा जीव घेण्याचा हक्क कोणालाच नाही. जिवाची किंवा जबर दुखापतीची भीती खरोखर असावी लागते. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली काठी बचाव म्हणून कशी सांगणार?

जनावराची गोष्ट वेगळी. रानडुकराला वाट द्या. जखमी डुक्कर उलटून येते. वाघ-बिबट्या दिसला तर पळू नका, वाकू नका. ताठ उभे राहा, ओरडा, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. कापूस वेचणाऱ्या बाया दिवसभर वाकलेल्या असतात, धोका त्यांनाच जास्त. वेचणीला टोळीत एक बाई उभी राहून पाहणारी हवी आणि तिची मजुरी कापायची नाही. (समोर काही मालक हसताहेत. हसू नका.) जीव वाचवताना जनावर मेले तर वन्यजीव कायदा १९७२, कलम ११, तुम्हाला गुन्हेगार धरत नाही. तारेत करंट सोडलात तर मात्र काहीच बचाव नाही. त्या तारेला माणसेही चिकटून मेली आहेत.

जेवणानंतर मंडपामागे तासभर थांबा. मनाई हुकूम नाही, ठाण्यात विचारून घेतले आहे. काठी ज्याची त्याने आणावी. टोकाला बांधायच्या चिंध्या आम्ही आणल्या आहेत. बायांनी आधी यावे.