बोलू पाहणारे मूल आणि समाजाची जबाबदारी



पाणी, उसाचा दर, शेतमजुरांची मजुरी हे प्रश्न सातारा व सांगली जिल्ह्यांतील चळवळीच्या चांगल्या परिचयाचे आहेत. आजचा प्रश्न मात्र मोर्चात कधी दिसत नाही, कारण ज्यांचा तो आहे त्यांना अद्याप बोलताच येत नाही.

तीन वर्षांचे एक मूल डोळ्यांसमोर आणावे. त्याला नीट ऐकू येते, सांगितलेले कळते, चप्पल आण म्हटले की ते चप्पल आणते. परंतु शब्द उमटत नाही. किंवा काल उमटलेला ‘पाणी’ हा शब्द आज कितीही धडपड केली तरी ओठांवर येत नाही. गाव अशा मुलाला जड जिभेचा म्हणतो. कोणी वेखंड उगाळून जिभेला चोळायला सांगतो, कोणी नवस बोलायला लावतो. ‘याचा मामाही उशिराच बोलला होता’ या दिलाशावर वर्षे निघून जातात आणि अखेर दोष येतो तो आईच्या माथी.

उशिरा बोलण्याची कारणे अनेक आहेत. म्हणून प्रथम मुलाची श्रवणतपासणी झाली पाहिजे. श्रवण आणि आकलन चांगले असूनही उच्चार जुळत नसतील, तर ज्या शक्यता तपासाव्या लागतात त्यांपैकी एक म्हणजे वाचेचा अप्रॅक्सिया. ‘पाणी’ म्हणायचे तर ओठ मिटून उघडावे लागतात, जिभेचे टोक मागे वळून टाळूला टेकवावे लागते आणि त्याच क्षणी हवा नाकाकडे वळवावी लागते. या हालचालींचा क्रम मेंदू आधी आखतो. अप्रॅक्सियात ओठ किंवा जीभ दुबळी नसते. ही आखणीच नीट होत नाही. अमेरिकेतील वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली याची तीन प्रमुख लक्षणे नोंदविली : तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणताना दर वेळी निराळी चूक होणे, एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना अडखळणे आणि बोलण्याचा सूर व आघात बिघडणे. मूल फार लहान असेपर्यंत पक्के निदान करणे कठीण असते. परंतु साहाय्य सुरू करण्यासाठी पक्क्या निदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

हा दोष आईचा नव्हे, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्यांतील जवळजवळ निम्म्या व्यक्तींना हा विकार होता. २००१ साली त्याचे मूळ एका जनुकातील बदलात सापडले. बहुतेक मुलांत मात्र निश्चित कारण हाती लागत नाही. दोन भाषा कानांवर पडल्यामुळेही हा विकार होत नाही. खानापूर-आटपाडीकडील गलाई कारागीर सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पसरले आहेत. परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांशी त्यांनी मराठी बोलणे थांबविण्याची काहीही गरज नाही.

घरच्यांनी करावे असे बरेच काही आहे. मुलाच्या समोर, त्याच्या नजरेच्या पातळीवर बसावे. शब्द सावकाश आणि त्याच्याबरोबर म्हणावा. मग नुसते ओठ हलवून दाखवावेत. शेवटी त्याला एकट्याला म्हणू द्यावा. आरंभ मुलाच्या रोजच्या गरजेच्या लहान शब्दांनी करावा : आई, दे, ये, नको. दिवसातून एकदा तासभर रेटण्यापेक्षा पाच-पाच मिनिटे अनेकदा सराव घेणे हिताचे. मूल ‘पा’ म्हणाले तर तो शब्द मानून पाणी द्यावे आणि देताना ‘पाणी’ असा पूर्ण उच्चार करावा. ‘बोल, तरच देईन’ ही सक्ती सर्वांत घातक होय, कारण मूल बोलायला नकार देत नसते. त्याला ते जमत नसते. चित्रांची पाटी आणि हातांच्या खुणा यांनी मूल कायमचे मुके राहते, ही भीती निराधार आहे. त्यांच्यामुळे मुलाचा कोंडमारा थांबतो आणि बोलण्याच्या प्रयत्नाला बळच मिळते.

परंतु तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाला घर हा पर्याय नव्हे. अप्रॅक्सिया तीव्र असेल तर आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा, एकेका मुलाला स्वतंत्रपणे वाचोपचार द्यावे लागतात. प्रश्नाचे सामाजिक स्वरूप येथेच उघड होते. जतहून मिरज ऐंशी किलोमीटरच्या घरात. आठवड्यातून तीनदा एसटीचे भाडे भरायचे आणि तीन दिवसांची मजुरी बुडवायची, हे कोणत्या शेतमजूर आईला परवडेल? ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या मुलाचा तर हंगामभर पत्ताच बदलत असतो. ज्याच्या खिशात पैसा त्याच्या मुलाला वाचा, अशी ही व्यवस्था होऊन बसते.

कायदे आणि योजना नाहीत असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी आणि जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचोपचारतज्ज्ञ, अशी त्याची रचना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत वाचा व भाषा-दिव्यांगत्वाचा समावेश आहे. परंतु त्याच्या व्याख्येत ‘कायमस्वरूपी’ हा शब्द आहे. तीन वर्षांच्या मुलाविषयी असा निर्वाळा कोण देणार? जेव्हा मदतीचा उपयोग सर्वांत अधिक, नेमके तेव्हाच प्रमाणपत्र मिळणे सर्वांत अवघड. म्हणून उपचाराचा हक्क प्रमाणपत्रावर अवलंबून ठेवता कामा नये, ही मागणी न्याय्य ठरते.

‘हजारी एक-दोन मुलांसाठी एवढा खटाटोप कशाला?’ असा आक्षेप येईल. प्रमाणाचा अंदाज साधारण तेवढाच आहे, हे खरे. परंतु तालुक्याला आलेला वाचोपचारतज्ज्ञ केवळ या मुलांसाठी नसतो. कर्णबधिर मूल, दुभंगलेल्या टाळूचे मूल, तोतरा विद्यार्थी, पक्षाघाताने वाचा गेलेला म्हातारा शेतकरी, या साऱ्यांना त्याची गरज आहे. शिवाय लोकशाहीत हक्काचे मोल डोकी मोजून ठरत नसते.

शिकणाऱ्याने शहर गाठावे अशी वाट न पाहता शाळाच खेड्यात नेण्याचे काम याच भूमीत झाले. १९१९ साली कराडजवळच्या काले येथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तोच न्याय उपचारांना लावला पाहिजे. वाचोपचारतज्ज्ञाने आठवड्यातील ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात यावे. मधल्या दिवसांत सराव कसा घ्यावा हे अंगणवाडी सेविकेला शिकवावे. आणि या वाढीव कामाचा तिला वेगळा मोबदला मिळावा. तिच्या सेवाभावावर फुकट कामाचा आणखी एक बोजा लादणे समाजवाद्यांना शोभणारे नाही.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात तीन गोष्टींची चौकशी करावी : तपासणी पथक अंगणवाडीत खरोखर किती वेळा आले, जिल्ह्याच्या केंद्रातील वाचोपचारतज्ज्ञाचे पद भरलेले आहे काय, आणि पाठविलेल्या मुलांपैकी किती जण तेथवर पोहोचले. ही माहिती लेखी मागावी, ग्रामसभेत वाचावी आणि पद रिकामे असेल तर ते भरेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. दरम्यान गावात असे मूल असेल, तर त्याच्या आईला एवढे तरी सांगावे की चूक तिची नाही, मूल मंद नाही आणि तपासणीसाठी उद्याच निघाले पाहिजे. सोबतीला कोणी नसेल तर कार्यकर्त्याने तिच्याबरोबर जावे.